आभार मानायला शिकताना

आभार मानायची सवय चांगल्या दिवसांतच लावून घे. अडचणीत ती आयत्या वेळी जमत नाही. गोव्यात सासष्टीतल्या राय गावात ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त (सण) होतं, तेव्हा पाद्री भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद देतात. बाकीची कापणी अजून व्हायची असते, पाऊस उभं पीक आडवं करू शकतो, तरी आभार आधी. पगाराच्या दिवशी तसंच करून बघ, खर्चाचा हिशेब मांडायच्या आधी.

आजारपण आलं, बोटीवरची नोकरी गेली, तर मात्र उसनं हसू आणू नकोस. दुखण्याबद्दलच देवाचे आभार मान, असं कुणी सांगितलं तर खुशाल कानाआड कर (सांगणारे भेटतातच!). बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत गाऱ्हाणी भरपूर आहेत. १३वं स्तोत्र ‘कुठवर?’ असं विचारतच सुरू होतं आणि ६ वचनांत देवाच्या उपकारांपाशी पोचतं. ते मोठ्याने वाच. मग त्या दिवसाची एकच गोष्ट नेमकी सांग: शेजारणीने आणून दिलेली पेज, औषध उधार देणारा दुकानदार. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ हे फार सोपं पडतं. काहीच सुचलं नाही, तर खुरसापाशी (क्रॉसपाशी) लदीन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, असेल तेव्हा आमच्यात येऊन नुसता बस. गायचं आम्ही बघतो.