भरती बघून बसा, कागद जपून ठेवा

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी महिन्यातल्या एका रविवारी जलरंगात निसर्गचित्रं करायला बाहेर पडतो. वरळी कोळीवाड्यात होड्या काढायला घेतल्या की तासाभरात त्यांची तोंडं फिरतात, पाणी चढतं आणि रेखाटन फुकट जातं. काय चुकतंय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचा हात चुकत नाही, वेळ चुकते. रविवार ठरवण्याआधी कॅलेंडरात तिथी बघा. पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता येते ते कळतं. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. दिवसा तीच, रात्रीही जवळपास तीच. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला.

नांगरलेली होडी प्रवाहाबरोबर फिरते. ओहोटीला काठच्या होड्या चिखलात टेकतात, एका कुशीवर कलतात आणि पाणी परत येईपर्यंत हलत नाहीत. म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी बसा, दोनेक तास निवांत मिळतात. सकाळी बसायचं तर तृतीया-चतुर्थी बघा, कारण तेव्हा ९ च्या सुमाराला ओहोटी असते. दुपारचं कलतं ऊन हवं तर एकादशी-द्वादशी. अष्टमी मात्र टाळाच. ओहोटी भर बाराला येते, सावल्या पायाशी गोळा होतात, आणि भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असल्याने पाणीही फार मागे हटत नाही.

होड्या थांबल्या तरी ऊन थांबत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने बांधून घ्या आणि पुढे त्यांना हात लावू नका. तासाभराने दिसणारी सावली कितीही मोहक वाटली तरी ती दुसऱ्या चित्राची आहे.

आणि बसण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. वाळत घातलेली जाळी, मासळीच्या टोपल्या न्यायची वाट, हे सोडून बसा.

प्रश्न : गेल्या वर्षीचा ३०० जीएसएमचा कॉटन पेपर उरला होता. त्यावर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात दिला की गडद ठिपके उमटतात. रंग खराब झाले असतील का?
– एक वाचक, दादर

उत्तर : रंग नाही, कागद गेला आहे. कागदाला सरस किंवा तत्सम पदार्थाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप असतो. त्यामुळे रंग वर तरंगतो. पावसाळ्याच्या दमट हवेत हे सायझिंग जागोजागी मरतं आणि तिथे कागद टीपकागदासारखा रंग ओढून घेतो. कोऱ्या कागदावर हे दिसत नाही. कोपऱ्यात फिक्या निळ्याचा बोटभर पट्टा ओढा : ठिपके आले तर तो कागद ॲक्रिलिकला किंवा कोळशाला ठेवा, जलरंगाचा हट्ट सोडा. नवा कागद मे महिन्यातच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद करा. पलंगाखाली किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल तिथूनच शिरते.

प्रश्न : मित्रांबरोबर गेलं की गप्पाच जास्त होतात. एकाचं चित्र तासात संपतं, दुसऱ्याचं सुरूच असतं. शिवाय लोकलमध्ये बोर्ड सांभाळणं कठीण.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळ्यांनी पाव शीट, म्हणजे ११ × १५ इंच घ्या आणि दीड तास ठरवा. तेवढा वेळ एकमेकांच्या पाठीमागे उभं राहायचं नाही. अर्धवट चित्रावरचं बोलणं हात बिघडवतं. वेळ संपली की चित्रं सावलीत भिंतीला ओळीने लावा आणि आठ-दहा पावलं मागे जा. लांबून गडद-फिकं चटकन कळतं. उन्हात कागद ठेवून रंगवलेलं चित्र घरी काळपट दिसतं, ते इथेच सापडतं. मित्र बरोबर असण्याचा खरा उपयोग हाच : स्वतःच्या चित्रातला जो काळा ढीग आपल्याला दिसत नाही, तो त्याला लगेच दिसतो. गप्पा त्यानंतर, चहावर.

पाव शीटचा बोर्ड पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो. गर्दीत ती पोटाशी घ्या. ओलं चित्र बोर्डावरून सोडवू नका, टेप लावलेलंच न्या. आणि शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघायला विसरू नका, नाहीतर ओहोटी तुमच्यासाठी थांबणार नाही.