२७ फुटी बोटीला फ्लायब्रिज घ्यावा का? हतनूरच्या पाण्याचा विचार करून उत्तर

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मुंबईत एक वापरलेली २७ फुटी बोट बघून ठेवली आहे. केबिनच्या छतावर दुसरं सुकाणू आणि पाच-सहा जणांची बैठक आहे, म्हणजे फ्लायब्रिजवाली. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेव-मेहूणकडच्या पाण्यावर घरच्यांना फिरवायचं, पुढेमागे पर्यटक घ्यायचे, आणि जमलं तर कधी मांडव्यालाही न्यायची. हा वरचा मजला खरंच कामाचा आहे का, हा तुमचा प्रश्न.

मी रावेर तालुक्यातला. मुंबई-अलिबागकडे बोटींच्या दुरुस्तीत आणि फिटिंगच्या कामात बरीच वर्षं काढून आता गावी आलोय. सरळ सांगतो, या मापाच्या बोटीवर आणि या पाण्यावर फ्लायब्रिज घेऊ नका.

आधी त्याची चांगली बाजू बघू, कारण ती खोटी नाही. उंचावरून दिसतं चांगलं. खाली बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोनेक मीटरवर असतात, तर वर साडेचार मीटरपर्यंत जातात. त्यामुळे क्षितिज पाच किलोमीटरवरून साडेसात किलोमीटरवर सरकतं. पण धरणात क्षितिज घेऊन करायचं काय? खरा फायदा जवळचं बघण्यात आहे. बोट वेग घेताना तिचं नाक वर उचललं जातं आणि खालच्या सुकाणूवरून समोरचा पन्नास-शंभर मीटरचा पट्टा दिसेनासा होतो. आपल्या धरणांवर मासेमारी करणारे भाऊ थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्यूबवर बसलेले असतात, आणि जाळ्याला प्लास्टिकच्या बाटल्या बांधलेल्या असतात. नेमके तेच त्या पट्ट्यात हरवतात. वरून ते लवकर दिसतात. पाण्याखालचे बुंधे आणि खडक वरून दिसतात असं समुद्रावरचे लोक सांगतील. त्यांच्या निळ्या पाण्यात ते खरं आहे, तापी-पूर्णेच्या गढूळ पाण्यात तितकंसं नाही. हिवाळ्यात हतनूरवर येणारे स्थलांतरित पक्षी मात्र पाणवनस्पतींच्या वरून बघायला ती जागा छानच.

आता वजनाकडे येतो, कारण सगळं तिथेच अडतं. कडबा उंच रचलेली बैलगाडी सपाट रस्त्यावर बिनघोर चालते, पण एक चाक खड्ड्यात गेलं की सगळे धावत येऊन खांदा लावतात. वजन तेवढंच असतं, फक्त उंचावर गेलेलं असतं. तुमच्या बोटीचं गणित करून बघू. तिचं वजन साडेतीन टन धरा. खाली सगळे बसलेले असताना तिची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कललेली बोट पुन्हा सरळ होण्याची ताकद ज्यावरून मोजतात ते अंतर, ७० सेंटिमीटर धरा. सत्तर-सत्तर किलोची चार माणसं खालून पावणेदोन-दोन मीटर वर गेली की त्यातले १४ सेंटिमीटर गेले. ती चौघं एका बाजूच्या बाकावर बसली तर बोट साडेसहा अंश कलते. तीच चौघं खाली त्याच बाजूला बसली असती तर पाच अंशांच्या आसपास कलली असती. इथवर फरक थोडा आहे. पण चारच्या जागी सहा जण वर गेले की कल अकरा अंशांच्या पुढे जातो. माणसं दीडपट झाली आणि कल जवळजवळ पावणेदोनपट झाला. याचं कारण असं की प्रत्येक माणूस एका बाजूला ओझंही टाकतो आणि बोटीची सावरायची ताकदही कमी करतो. आणि हे शांत पाण्यातलं झालं. यात लाट नाही, वारा नाही, वळण नाही.

घरची मंडळी सोबत असताना वर कोण जाणार? पोरंच जाणार, आणि सगळी एकदम. बगळ्यांचा थवा उजवीकडून उठला की सगळी उजवीकडे धावणार.

हे सगळ्यात जास्त आग्रहाने सांगतोय, कारण तुम्ही पर्यटक घ्यायचं म्हणता. ३० सप्टेंबर २००९ ला केरळात थेक्कडीला, पेरियारच्या जलाशयात, दुमजली पर्यटक बोट उलटली आणि ४५ माणसं गेली. काठावरचे वन्यप्राणी बघायला लोक एका बाजूला सरकले होते. ७ मे २०२३ ला त्याच राज्यात तानूरला मासेमारीच्या बोटीची केलेली दुमजली बोट उलटली. तिच्यात माणसं जास्त भरली होती. तिथे २२ जण गेले, त्यात लहान मुलं बरीच. दोन्ही बोटी तुमच्या बोटीपेक्षा मोठ्या होत्या आणि दोन्ही ठिकाणी पाणी आतलं होतं, खुल्या समुद्राचं नव्हतं. धरण शांत दिसतं म्हणून तिथे चालेल, असं मनात आलं तर या दोन तारखा आठवा.

आता वारा. वैशाख-जेठात आपल्याकडे वळवाचं वादळ कसं येतं ते तुम्हाला सांगायला नको. अर्ध्या तासात रावेर-मुक्ताईनगरकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात. फ्लायब्रिज, त्याची काच आणि वरचं कापडी छत धरलं तर बोटीच्या बाजूला पाचेक चौरस मीटर जास्तीचं अंग येतं. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर ३५-४० किलोचा रेटा बसतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास. तोही पाण्यापासून अडीच-तीन मीटर उंचीवर. चार माणसं वर असताना तेवढ्या रेट्यानेच बोट दहा-बारा अंश कलेल, आणि बाकीच्या बोटीला लागणारा वारा त्यात धरलेलाच नाही. हलका वारा असला तरी धक्क्याला लावताना हीच बोट शिडासारखी सरकते. एकटा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, वर सुकाणूवर अडकलेला, दोर खाली मागच्या बाजूला, आणि शिडी उतरून येईपर्यंत बोट धक्क्यावरून निघून गेलेली. अलिबागकडे हे इतक्या वेळा पाहिलंय की छोट्या फ्लायब्रिज बोटीवर मी एक खलाशी जास्तीचा धरूनच चालतो.

डोलण्याचं तसंच. बोट दहा अंश डोलली की पाण्यापासून मीटरभर उंचीवर बसलेला माणूस १७ सेंटिमीटर हलतो, तीन मीटरवरचा ५२ सेंटिमीटर. बोट लागणारी माणसं वर बसवू नका, मग ती कितीही म्हणोत की वर हवा लागते.

उन्हाबद्दल जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला काय सांगायचं! मार्चपासून पावसापर्यंत अकरा ते चार त्या गादीवर कुणी बसणार नाही. छत लावलं तर वाऱ्याला अंग वाढतं, न लावलं तर जागा निकामी. शिवाय या मापाच्या बोटीची शिडी जवळजवळ उभी असते. आई-वडील चढले तरी उतरताना त्यांचे हात कापतात.

खर्चही दुप्पट होतो. दुसरं सुकाणू, त्याच्या तेलाच्या नळ्या, इंजिनाचे दुसरे लिव्हर, दुसरे मीटर, आणि हे सगळं उन्हा-पावसात उघडं. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट छताची आहे. फायबरच्या छताच्या पोटात बऱ्याचदा बाल्सा लाकूड असतं. फ्लायब्रिज बसवताना त्यात बोल्टांची भोकं पडतात. तिथलं सील गेलं की पाणी हळूहळू झिरपतं आणि लाकूड आतून कुजतं, वरून काही कळत नाही. वापरलेली बोट बघायला जाल तेव्हा प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने बोल्टांच्या आसपास ठोकत जा. टणक आवाज ठीक. बद्द आवाज आला तर तिथेच थांबा.

मग फ्लायब्रिज कुणी घ्यावा? लोक लांबी विचारतात, मी रुंदी विचारतो. बर्ट्राम २८ ही अमेरिकन बोट २८ फुटांचीच, पण रुंदी ११ फूट आणि अंगाने वजनदार. तिच्यावर फ्लायब्रिज शोभतो, कारण ती मासे शोधत फिरायलाच बांधलेली. ग्रँड बँक्स ३६ सव्वाबारा-एक फूट रुंद, जड, सावकाश चालणारी. तिच्यावर तांडेल दिवसभर वरच बसतो. आपल्याकडे मिळणाऱ्या २६-२८ फुटी बोटी बऱ्याचदा नऊ फुटांच्या आसपास रुंद असतात आणि वेगासाठी हलक्या केलेल्या असतात. त्यांच्यावरचा मजला जाहिरातीतल्या फोटोसाठी असतो असं माझं स्पष्ट मत आहे. ३२ ते ३६ फुटांत प्रत्येक बोट स्वतंत्रपणे तपासावी लागते. ३८-४० फुटांच्या पुढे मी विरोध करणार नाही. तिथे जिन्यासारखी शिडी मिळते आणि चार माणसांचं वजन बोटीला जाणवत नाही.

तरीही तीच बोट मनात भरली असेल तर पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. शांत पाण्यात, दोर सैल सोडून, खाली पुरेसं पाणी असताना, बोट हाताने झुलवा आणि सोडा. इकडून तिकडे जाऊन परत येईपर्यंतचा वेळ मोजा. दहा झोके मोजून दहाने भागलं तर आकडा नीट येतो. दहा झोके टिकले नाहीत तर चार-पाच मोजून तीनदा करा. मग रुंदी मीटरमध्ये घेऊन ०.७८ ने गुणा, वेळेने भागा, आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. अंदाजे मेटासेंट्रिक उंची मीटरमध्ये मिळते. बोट २.८ मीटर रुंद असेल आणि झोका अडीच सेकंदांचा असेल तर पाऊण मीटर येईल, ते चांगलं. झोका चार सेकंदांचा आला तर ३० सेंटिमीटर येईल, आणि तशा बोटीत मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही. आधी रिकामी मोजा, मग वर चार माणसं बसवून. नंतर ती चौघं एका बाजूला बसवा आणि मोबाईलवरच्या कोनमापकाने कल बघा. परदेशी बनावटीची असेल तर कारखान्याची पाटी वाचा. आयएसओ १२२१७ या मानकात माणसं एका बाजूला गोळा झाल्यावर बोट किती कलते याची चाचणी असते, आणि बऱ्याच पाट्यांवर किंवा पुस्तिकेत वर किती जणांनी बसावं ते वेगळं लिहिलेलं असतं. विकणारा ही परीक्षा घेऊ देत नसेल तर सौदा सोडून द्या.

वाहतुकीचंही बोलू, कारण ती तुम्ही प्रश्नात धरलेली दिसत नाही. २७ फुटी बोट नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर रुंद, आणि रस्त्यावर वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर. म्हणजे जास्त मापाच्या मालाची परवानगी लागणारच. त्यात ट्रेलरवर चढवल्यावर फ्लायब्रिजचं टोक चार मीटरच्या वर जातं. कसारा घाटातून आणि गावागावातल्या तारांखालून ती आणायची तर मजला उतरवावा लागतो. मग इथे आणून परत बसवायचा, म्हणजे तीच बोल्टांची भोकं, तेच सील. मुंबईतलं काम जाणणारा माणूस सोबत आणला नाहीत तर पहिल्याच पावसाळ्यात केबिन गळेल. इथेही नदीकाठच्या शेतीपंपांच्या तारा आणि पूल आहेतच. धरण भरलं की पाणी वर येतं आणि तारेखालची मोकळी जागा कमी होते. मजला आणि वरचा अँटेना धरून बोटीची पाण्यापासूनची पूर्ण उंची सुकाणूजवळ लिहून ठेवा.

माझी सूचना अशी. पक्क्या छताची, छताला सरकती खिडकी असलेली, एकच सुकाणू असलेली बोट बघा. जाळी आणि तराफे दिसावेत म्हणून सुकाणूच्या खुर्चीखाली पक्का चौथरा करून घ्या. खिडकी उघडून उभं राहिलं की डोकं छताबाहेर येतं, आणि फ्लायब्रिजचा निम्म्याहून जास्त फायदा तिथेच मिळतो. वजन मात्र खालीच राहतं. नाक उचलणं कमी करायला मागे ट्रिम टॅब, म्हणजे बोटीच्या मागच्या कडेला खाली-वर होणाऱ्या छोट्या पट्ट्या, बसवा, त्याचा खर्च दुसऱ्या सुकाणूपेक्षा कितीतरी कमी येतो. हिवाळ्यात पक्षी बघायचे तर नाकाशी बसायची जागा करा.

आणि बयाणा देण्याआधी जलसंपदा विभागात जाऊन हतनूरच्या पाण्यावर यांत्रिक बोट चालवायला परवानगी मिळते का, हे लेखी विचारा. पर्यटक घ्यायचे तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे नोंदणी आणि तपासणीही लागेल. मजला उतरवला किंवा नवा चढवला तर तसं तपासणी करणाऱ्याला दाखवूनच करा.

बोटीची रुंदी, वजन आणि झोक्याचा वेळ इथे लिहा, छताच्या बोल्टांचे जवळून काढलेले फोटो टाका. मी बघून सांगतो.