बास अँपची घूं आणि अर्थिंगची पिन

प्रश्न : आमचा सराव सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या शेडवरच्या खोलीत चालतो. बासचा अँप एकटा असला की गुणगुण जेमतेम; लाइन आउटची केबल मिक्सरला जोडली की मोठी घूं सुरू होते. तारांवर बोटं असताना ओठ माइकला लागले तर झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. काढू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अजिबात नको. पिन काढली तर घूं कदाचित थांबेलही. पण उद्या अँपच्या आत फेज बॉडीला लागला तर तो तुमच्या तारांवर येईल आणि वाट काढेल ती तुमच्या ओठांतून माइककडे. झिणझिण्यांचा अर्थच हा, की अँप आणि मिक्सर यांपैकी एकाला तरी धड अर्थिंग नाही. तो बिघाड निघेपर्यंत माइक आणि बास एकाच वेळी हाताळू नका.

आधी दोन्ही सॉकेट वायरमनकडून मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ, दोन्हीकडे साधारण 230 व्होल्ट हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका, कारण अर्थ कच्चा असला तरी तो 230 दाखवू शकतो. फेज-अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावून बघायला सांगा: मिणमिणला तर अर्थ कच्चा. (ईएलसीबी, म्हणजे वीज अर्थमध्ये गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर तो पडेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.) आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन वाळते आणि अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहायला हवं. हे बहुतेकांच्या ध्यानातच नसतं.

अर्थिंग ठीक झाल्यावरही घूं उरली तर तो ग्राउंड लूप. अँप एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि लाइन केबलच्या जाळीने (आतल्या तारेभोवतीच्या विणीने) दोघांचे अर्थ पुन्हा जोडले गेले. या वेटोळ्यात 50 हर्ट्झचा प्रवाह फिरतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. एवढ्यानेच बहुधा काम भागतं. नाही भागलं तर ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जोगा करून देणारी छोटी पेटी) लाइन केबलच्या मध्ये घालून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. त्याने केबलची जाळी सुटते, प्लगचा अर्थ जागेवर राहतो.

खालच्या यंत्रमागांच्या मोटारींचा संशय असेल तर बास हातात धरून जागेवरच गोल फिरा. आवाज कमी-जास्त झाला तर तो पिकअपमधून (तारांखालच्या चुंबक-गुंडाळीतून) येतोय. दोन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे) पिकअप असतील तर दोन्ही व्हॉल्युम सारखे ठेवा.

प्रश्न : गिटार काढली, सगळे व्हॉल्युम शून्यावर आणले, तरी अँप गुणगुणतोच.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मग गिटारकडे बघूच नका. दुसरी बास घ्या, कानाने ओळखा: ई तारेवरचा तिसरा फ्रेट 49 हर्ट्झ, मोकळी जी तार 98. गुणगुण मोकळ्या जीला लागून सेकंदाला दोन हेलकावे (आवाजाचे चढउतार) देत असेल तर ती 100 हर्ट्झची, म्हणजे पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (चार्ज साठवून वीज सपाट करणारे भाग) थकले. नवे तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचे, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि 105 अंशांचे घ्या. उघडायचं काम मात्र मेकॅनिकचं. प्लग काढल्यावरही त्यांत चार्ज उरतो, आणि व्हॉल्व्हच्या अँपमध्ये तो 300 व्होल्टच्या वर असू शकतो.