पंधरा हजारांचं व्हाउचर आणि आईचा मणका

प्रश्न : माझी आई (वय ६४) धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला दुबईला गेली होती. परतताना मुंबई अर्ध्या तासावर असताना ती टॉयलेटमधून जागेवर येत होती. विमान एकदम खाली गेलं, आई वर आपटली आणि पाठीवर पडली. मणक्याला फ्रॅक्चर निघालं. चौदा महिने झाले, अजून तिला खाली बसता येत नाही. कंपनी म्हणते, हवामानाला आम्ही काय करणार, शिवाय पट्ट्याचा दिवा लागलेला होता. पंधरा हजारांचं व्हाउचर देतायत, पण एका कागदावर आईची सही हवी आहे. करू का? – एक वाचक, सांगली

ताई, सही करू नका. त्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’, म्हणजे यापुढे काही मागणार नाही, असे शब्द असतील बघा. पंधरा हजार कंपनी त्या शब्दांचे देतेय, मणक्याचे नाही. घटना घडून गेल्यावर स्वखुशीने केलेली अशी तडजोड मोडायला फार जड जाते. सहीशिवाय देत असतील तर घ्या, त्यात काही वावगं नाही.

आता मुद्द्याचं. हवामानावर कोणाचा ताबा नाही हे खरंच, पण इथे त्याने कंपनी सुटत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९चा मॉन्ट्रियल करार लागतो. भारतात तो २००९ पासून ‘कॅरेज बाय एअर अ‍ॅक्ट, १९७२’मधून लागू आहे. विमानात अपघात होऊन प्रवाशाला शारीरिक इजा झाली, की ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई द्यावीच लागते. ‘आमची चूक नव्हती’ हा बचाव त्या मर्यादेच्या वरच्या रकमेपुरताच. २८ डिसेंबर २०२४पासून ही मर्यादा १,५१,८८० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर. आकडा बघून हुरळू नका. मिळते ती सिद्ध केलेल्या नुकसानीची भरपाई. दवाखान्याची बिलं, फिजिओथेरपी, घरी ठेवलेल्या मावशींचा पगार, आई शिवणकाम वगैरे करत असतील तर बुडालेली कमाई, आणि अर्थात त्यांचं दुखणं. विमानाची बसलेली भीती मात्र एकटी चालत नाही, शरीराला इजा हवी. ती इथे आहे.

कंपनी भांडेल ती दोन ठिकाणी. पहिलं, पट्टा. प्रवाशाच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे इजा झाली असेल तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते, हे खरं. पण दिवा नेमका कधी लागला? मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर असंच आपटलं. दिवा लावल्याचं वैमानिकाने म्हटल्यापासून आठ सेकंदांत मोठा झटका बसला, असं प्राथमिक चौकशी अहवालात आहे. आठ सेकंदांत टॉयलेटची कडी काढून चौसष्ट वर्षांची बाई जागेवर पोचून पट्टा लावेल? म्हणून कंपनीला आजच लेखी कळवा, की दिव्याची वेळ, त्या फ्लाइटची नोंद आणि कर्मचाऱ्यांचा इजा-अहवाल जपून ठेवा आणि त्याच्या प्रती द्या. झटका नेहमीच्या हेलकाव्यांपेक्षा मोठा होता हेही दाखवावं लागेल, कारण ‘अपघात’ म्हणजे अनपेक्षित, नेहमीपेक्षा वेगळी घटना. आणखी कोणाला लागलं होतं का, शेजारच्या सीटवर कोण होतं, कोणी व्हिडिओ काढला होता का, आईंना शांतपणे विचारा.

दुसरी जागा तुम्ही लिहिलेली नाही, पण ती येणारच: ‘या वयात हाडं ठिसूळच असतात.’ त्यावर औषध म्हणजे त्या दिवसाचे कागद. विमानतळावर व्हीलचेअर घेतली असेल, तिथल्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल, पहिला एक्स-रे किंवा एमआरआय कोणत्या तारखेचा आहे, सगळं एका फाइलला लावा. फ्रॅक्चर ताजं होतं आणि पडण्यामुळे झालं, असं हाडांच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या.

तक्रार दाखल करायच्या मुदतीची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. मुंबईत उतरल्याच्या तारखेपासून दोन वर्षं, म्हणजे तुमच्या हातात दहाच महिने. एरवी ग्राहक आयोग सबळ कारण असेल तर उशीर माफ करू शकतो, पण इथे दोन वर्षांनी हक्कच संपतो. ब्रिटिश एअरवेजच्या एका मालवाहतुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच सांगितलं. तो खटला मॉन्ट्रियलच्या आधीच्या कराराखालचा होता, पण मुदतीचं कलम तसंच. कंपनी ‘प्रकरण तपासात आहे’ असे मेल पाठवत राहते, त्याने घड्याळ थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही. तक्रार दाखल झाली तरच.

मुंबईला खेटे घालायची गरज नाही. आईंचं कायमचं घर सांगलीत आहे, तेव्हा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. शुल्कासाठी मोजली जाते ती मागितलेली भरपाई नाही, तिकिटाची किंमत; ती पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. तिकिटाचे पैसे बहिणीने भरले असले तरी तक्रारदार आईच. नोटीस पाठवा, महिनाभर वाट बघा, मग दाखल करा.

आणि बोर्डिंग पास? पासपोर्टच्या कव्हरमध्ये बघा. आमच्या आईचे सगळे तिथेच सापडतात.