तेवढं विचारून घे

अगं,

परवा फोनवर तू रडलीस ते डोक्यातून जात नाहीये. गिऱ्हाईकाने लिथोग्राफ आणि सेरिग्राफ या छापील चित्रांमधला फरक विचारला आणि तू नुसती मान डोलावलीस, मग रात्रभर "काका, मी या लाइनसाठी नाहीच्चे". मला तुझ्या माहीत नसण्याचं काही वाटलं नाही. मान डोलावलीस त्याचा राग आला.

पेगी गुगेनहाइम माहितीये ना, व्हेनिसच्या म्युझियमवाली? वडील 1912 मध्ये टायटॅनिक बुडालं त्यात वारले, वयात आल्यावर वारशाचा पैसा हातात आला, आणि 1938 मध्ये लंडनला गॅलरी काढली तेव्हा मॉडर्न आर्टमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलं नाही. सरळ चित्रकार मार्सेल द्युशाँला धरलं, अॅबस्ट्रॅक्ट म्हणजे काय नि सर्रिअलिस्ट म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकली. म्युझियम काढायचं ठरलं तेव्हा कलासमीक्षक हर्बर्ट रीडकडून काय काय घ्यायचं याची यादी करून घेतली आणि पॅरिसला जाऊन दिवसाला एक चित्र या हिशोबाने खरेदी सुरू, तेही युद्ध दारात आलेलं असताना. लोक म्हणतात दुसऱ्यांच्या नजरेवर मोठी झाली. झाली! मग? पॅरिसच्या लूव्हर म्युझियमवाले तर जाणकार होते ना, त्यांनी तिची चित्रं लपवून ठेवण्याच्या लायकीची नाहीत म्हणून नाही म्हटलं, शेवटी चादरी नि भांड्यांबरोबर घरसामान म्हणून न्यूयॉर्कला पाठवली.

आणि विचारलं म्हणजे आपला डोळा गहाण टाकला असं नसतं गं. 1943 मध्ये न्यूयॉर्कच्या तिच्या गॅलरीत जॅक्सन पोलॉक या चित्रकाराचं एक चित्र आलं, तिला अजिबात आवडलं नव्हतं, पण माँड्रियानसारखा मोठा चित्रकार त्या चित्रासमोरून हलेचना. हा का थांबलाय, म्हणून तिने विचारलं, मग स्वतः परत बघितलं. त्याच वर्षी पोलॉकला महिना 150 डॉलर बांधून दिले. त्याच्याकडून करून घेतलेलं म्यूरल, म्हणजे भिंतभर मोठं चित्र, पुढे आयोवा विद्यापीठाला देऊनही टाकलं, म्हणजे चुका तिनेही केल्याच.

आता माझं ऐक. 1986 साल, माझं फ्रेमचं दुकान नवीन. एक चित्रकार तीन फ्रेम करायला आला, बिल झालं 340 रुपये. म्हणाला पैसे नाहीत, यातलं एक ठेवून घ्या. शाईचं छोटंसं ड्रॉइंग, बैलाची नुसती पाठ, एका रेषेत. मला आवडलं होतं! पण शेजारच्या गल्लीत आर्ट स्कूलचे मास्तर राहायचे, त्यांना विचारायला गेलो असतो तर "फ्रेमवाल्याला चित्रातलं कळत नाही" असं झालं असतं. म्हणून तोंड घट्ट मिटलं, पुढच्या महिन्यात रोख घेतली. काचवाल्याची उधारी होती, भाडं थकलेलं, मी काही पूर्ण चुकलो असं नाही, तू माझ्या जागी असतीस तर तूही पैसेच घेतले असतेस. पण पन्नास पावलं चालून विचारायला काय झालं होतं? आज त्या माणसाचं काम मी कॅटलॉगमध्ये बघतो. किमतीचं सोड, ती पाठ अजून दिसते.

तर विचार. तुझ्या त्या खडूस मॅडमना विचार, शिपायाला विचार, चित्रं तोच उचलतो, मागची बाजू त्यालाच माहीत. मला रात्री अकराला फोन कर. नोकरी सोडायचं मात्र बोलू नको, तो विषय बंद.

ती बाई व्हेनिसला अर्धवट राहिलेल्या, एकमजली राजवाड्यात तीस वर्षं राहिली, 1951 पासून घर लोकांना बघायला खुलं केलं. 1979 मध्ये गेली, बागेत कुत्र्यांशेजारीच तिची रक्षा ठेवलीये. चित्रं तिथेच आहेत, एकदा जाऊन ये, पैसे साठव.

आणि हो, लिथो म्हणजे दगडावर तेलकट खडूने काढून छापतात. सेरिग्राफ म्हणजे आपलं स्क्रीन प्रिंटिंग, लग्नपत्रिका छापतात तेच. मला हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, एका गिऱ्हाईकाकडून.

काका