कोवळ्या वयात जागतिक पातळीवर पोहोचलेले फिगर स्केटर (बर्फावर संगीताच्या साथीने उड्या व गिरक्या सादर करणारे खेळाडू) मनाने लवकर का थकतात? त्यांची उमेद परत येऊ शकते का?

उमेद परत येऊ शकते, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या अलिसा लिऊचे आहे. २०१९ मध्ये अवघ्या तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती झालेल्या या मुलीने, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले आणि त्यानंतर लगेच, सोळाव्या वर्षीच, निवृत्ती जाहीर केली.

मन थकले म्हणून स्नायूंची ताकद फारशी घटत नाही. मात्र तोच सराव अधिक जड वाटू लागतो आणि एकाग्रता ढळते. तिहेरी उडीत, म्हणजे हवेत तीन गिरक्या घेण्याच्या उडीत, खेळाडू सेकंदाहूनही कमी वेळ हवेत असतो आणि एका पायावर, बुटाखालच्या जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या पात्यावर उतरतो, त्यामुळे क्षणभराची चलबिचलही तेथे महागात पडते.

माझ्या मते केवळ विश्रांती हा यावरचा पूर्ण उपाय नव्हे. संगीत, पोशाख, आहार आणि दिनक्रम हे सारे इतरांनीच ठरवले, की खेळाची आवड हळूहळू आटत जाते. लिऊने मधल्या काळात एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत पदभ्रमण केले, मानसशास्त्राच्या अभ्यासाला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये, हे निर्णय आपण स्वतः घेणार या अटीवरच ती परतली. २०२५ मध्ये बॉस्टनला ती जगज्जेती ठरली.

वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने पंधरावरून सतरा वर्षांवर नेण्याचा आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचा २०२२ मधील निर्णय मला योग्य वाटतो, परंतु कठोर सराव त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि तेथे प्रशिक्षक व पालक यांच्याखेरीज मुलांची काळजी घेणारे कोणी नसते.