वाचकांचे प्रश्न : एका दिवसात काळा घोडा

प्रश्न : दसऱ्याच्या सुट्टीत सत्तरीतल्या आईला आणि पाचवीत शिकणाऱ्या मुलाला घेऊन मुंबईला जाण्याचा विचार आहे. हाती एकच दिवस आहे. काळा घोडा परिसरातील सर्व संग्रहालये त्या दिवसात पाहून होतील का? सुरुवात कोठून करावी?
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : सर्व पाहून होणार नाहीत आणि आईंना बरोबर घेऊन तसा प्रयत्न आपण करू नये, असे मला मनापासून वाटते. दिवसाचा मोठा भाग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्यावा. उरलेल्या वेळात जे सहज जमेल तेवढेच पाहावे.

आपण निवडलेला काळ उत्तम आहे. कर्नाटकातील शाळांना दसऱ्याची सुट्टी असते, तेव्हा महाराष्ट्रातील शाळा बहुधा सुरू असतात आणि त्यांची मोठी सुट्टी दिवाळीत येते. त्यामुळे त्या दिवसांत सुट्टीची गर्दी तुलनेने कमी मिळेल. मात्र राष्ट्रीय सुट्टीचा दिवस टाळावा. निपाणीला रेल्वे नसल्याने कोल्हापूर गाठून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरणे सोयीचे आहे. ती सकाळी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते आणि तेथून संग्रहालय जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. सामान स्थानकावरील क्लोकरूममध्ये ठेवायचे असल्यास प्रत्येक बॅगेला कुलूप हवे, अन्यथा ती स्वीकारली जात नाही. आईंसाठी हे अंतर टॅक्सीनेच जावे, कारण त्यांच्या पायांतील बळ दालनांसाठी राखून ठेवायला हवे.

या वास्तूची पायाभरणी १९०५ मध्ये झाली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये खुली झाली. आत शिरण्यापूर्वी बागेत थांबून मुलाला घुमट दाखवावा. या घुमटासाठी विजापूरच्या गोल घुमटाचा आदर्श डोळ्यांसमोर होता, असे सांगितले जाते. आपल्या मुलाने विजापूर पाहिले असेल, तर दोन्हींत काय सारखे आहे आणि काय वेगळे, हे त्यालाच शोधू द्यावे.

त्यानंतर तळमजल्यावरील शिल्पदालनाकडे वळावे. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील ऐहोळे येथील हुच्चप्पय्या मंदिराच्या छतातील ब्रह्मदेवाचा शिल्पपट येथे आहे. सीमाभागातून जाणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा, असा माझा आग्रह आहे. बदामीच्या चालुक्यांच्या काळातील हे काम आपल्या मलप्रभेच्या खोऱ्यातले आहे आणि ऐहोळेला जाऊनही तेथे ते दिसत नाही. मंदिराच्या छतातला दगड पाहायचा तर मान वर करून पाहावा लागतो, येथे मात्र तो जवळून निरखता येतो, आणि आईंनाही त्यासाठी जिना चढावा लागत नाही. दख्खनी लघुचित्रे पाहताना आदिलशाहीशी संबंधित चित्रे आवर्जून शोधावीत. मराठीतूनही ध्वनिमार्गदर्शक उपलब्ध असतो. तो घेतल्यास आईंना कोणाला काही विचारत बसावे लागणार नाही आणि आपणही मुलाकडे लक्ष देऊ शकाल.

मुलाला शिल्पांचा कंटाळा येऊ लागला, तर त्याला बळेच थांबवू नये. निसर्गविज्ञान विभागातील प्राणी-पक्ष्यांचे देखावे आणि आवारातील २०१९ मध्ये सुरू झालेले बालसंग्रहालय त्याच्यासाठीच आहेत. तोवर आईंना एखाद्या बाकावर विसावता येईल. दुपारचे जेवण झाल्यावर उत्साह असेल तर जवळच्या जहांगीर कलादालनात अर्धा तास घालवावा. तेथे प्रवेश विनामूल्य आहे. ज्या पुतळ्यावरून परिसराला काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवण्यात आला आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. चौकात दिसणारा बिनस्वाराचा घोडा २०१७ मधील आहे, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. सायंकाळी टॅक्सीने स्थानकावर परतून रात्रीच्या महालक्ष्मीनेच निघता येईल.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. सोमवारी मुंबईत असेन. जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, दोन्ही पाहता येतील का?
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून शक्य असल्यास मंगळवारपर्यंत मुक्काम वाढवावा. १९५२ मध्ये उघडलेल्या जहांगीर कलादालनात हयात चित्रकारांची प्रदर्शने वरचेवर बदलत असतात आणि अनेकदा चित्रकार स्वतः तेथे बसलेले असतात. त्यांच्याशी संकोच न करता बोलावे, रंगांविषयी आणि माध्यमाविषयी विचारावे. कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत १९९६ पासून असलेले राष्ट्रीय संग्रहालय मात्र एकेका चित्रकाराची किंवा विषयाची मोठी प्रदर्शने मांडते, त्यामुळे त्याला किमान दोन तास हवेत. जहांगीर सोमवारी दुपारी आणि हे मंगळवारी सकाळी, असा क्रम ठेवावा.